एकशे अठ्ठावीस तारा आणि एक बेसूर माणूस

आमच्या सरांना तळहात आडवा पसरून उभे राहायची सवय होती. बसथांब्यावर, लग्नाच्या मांडवात, पोस्टातल्या रांगेत, कुठेही. समोरचा माणूस बोलत असायचा आणि सर स्वतःच्या हाताकडे बघत पुटपुटायचे, "एक गेला." जरा वेळाने, "आणिक एक." आकाशातून सूक्ष्म कणांची बरसात सतत चालू असते, तळहाताएवढ्या जागेतून सेकंदाला एखादा तरी कण आरपार जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. शास्त्र खरे आहे. पण मोठ्या देवळाच्या दारात, तीन दिवसांची दाढी वाढवून, हात पसरून उभ्या असलेल्या माणसाकडे बघून ते कुणाला कसे कळावे? एकदा एका बाईने त्या हातावर केळीच्या पानाचा तुकडा ठेवून चिंचेचा भात वाढला. सरांनी तो उभ्याउभ्या खाल्ला, हात नेसलेल्या वेष्टीला पुसला आणि पुन्हा पसरला.

"बेस होता भात," ते मला म्हणाले. "पण मध्ये मोजणी चुकली."

मी तिरुवैयारूची, म्हणजे तंजावूरपासून बसने अर्ध्या तासावरची. आमच्या घरातली मराठी मराठ्यांच्या राज्याबरोबर तिकडे गेली आणि राज्य गेले तरी तिथेच राहिली. आम्ही ती बोलतो, लिहितो मात्र तमिळ. ही देवनागरी मी चाळिशीत, पुण्यात नोकरीला आल्यावर शिकले, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. माझ्या तोंडून 'मज' आणि 'तुज' ऐकले की पुण्यातले लोक मी पोथीतून उठून आल्यासारखे माझ्याकडे बघतात. सरांची मराठी तर माझ्याहून जुनी होती. त्यांच्याकडे 'सगळे' नव्हते, 'असकें' होते, 'म्हणजे'चे 'मणजे' व्हायचे, आणि नको असले की ते 'होणा' म्हणायचे. हा 'होणा' मी त्यांच्या तोंडून जितका ऐकला तितका आईच्या तोंडूनही ऐकला नसेल.

मी एम.एस्सी. झाले तेव्हा देशाचे दरवाजे नुकतेच किलकिले झाले होते. तंजावुरात परदेशी थंड पेयांच्या पाट्या लागल्या होत्या, आमच्या गल्लीत केबल आली होती, आणि माझ्याबरोबरच्या मुली संगणकाचे वर्ग लावून मद्रासला जायच्या गोष्टी करत होत्या. मला मात्र तंजावूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या सरांच्या प्रयोगशाळेत जागा असल्याचे कुणीतरी सांगितले. मी नवी साडी नेसून, गुणपत्रिकांची फाइल छातीशी धरून मुलाखतीला गेले.

सरांनी फाइल उघडलीच नाही. टेबलावर एक लाकडी पट्टी होती, तिच्यावर दोन तारा ताणलेल्या. तारा म्हणजे काय, दिसतच नव्हत्या. दिव्याखाली डोके तिरपे केले की दोन सोनेरी रेघा चमकायच्या. शेजारी लोहचुंबक आणि जुन्या रेडिओचा कर्णा. सरांनी रबरी फुग्यातून पहिल्या तारेवर फुंकर घातली. कर्णा अगदी बारीक गुणगुणला. मग दुसरीवर घातली.

"उंच कोठली?" त्यांनी विचारले.

"दुसरी."

"फार?"

"केसभर."

त्यांनी एका कागदावर लिहिलेले आकडे बघितले, कागदाची घडी केली आणि म्हणाले, "सोमवारीं ये. डोक्याला तेल होणा."

घरी वडिलांना, म्हणजे अप्पांना, सांगितले तर ते वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणाले, "वीणा जुळवायास एम.एस्सी. कशाला?" अप्पा सरकारी नोकरीत होते. त्यांच्या मते जगात नोकऱ्या दोनच, सरकारी आणि तात्पुरती.

पण खरेच ते वीणा जुळवण्यासारखेच काम होते. आम्ही बनवत होतो ती एक चपटी पेटी होती, अर्धा मीटर लांब. तिच्यात एकशे अठ्ठावीस तारा शेजारीशेजारी, दोन तारांत दोन मिलिमीटर अंतर. पेटीत विशिष्ट वायू भरायचा, तारांना उच्च दाबाची वीज द्यायची. वायूतून कण गेला की त्याच्या वाटेवरच्या तारा किंचितशा खडबडून जाग्या होतात, आणि कोणत्या तारा जाग्या झाल्या ते बघून कण कुठून गेला ते सांगता येते. अशा पेट्या एकामागे एक ठेवल्या की कणाची अख्खी वाट सापडते. प्रयोगशाळेचा शिपाई गोविंदसामी, निवृत्तीला दोन वर्षे राहिलेला, त्याला सरांनी हे एका वाक्यात समजावले होते: भाताच्या खाचरातून साप गेला तर साप दिसत नाही, रोपे हललेली दिसतात. गोविंदसामी तेव्हापासून त्या पेटीला 'खाचर' म्हणायचा. पाहुणे आले की आमच्याआधी तोच समजावून सांगायचा, आणि आमच्यापेक्षा चांगले सांगायचा.

एकशे अठ्ठावीस तारांचा ताण मात्र एकसारखा हवा. घट्ट झाली तर तार तुटते. ढिली राहिली तर विजेच्या जोराने शेजारणीकडे झुकते, मग ठिणगी, मग असके संपले. ताण मोजायचा सोपा मार्ग म्हणजे तारेचा सूर. माझ्या वीणेच्या पंचमापेक्षा केसभर खाली, हा आमचा ठरलेला सूर होता. असा सूर मोजणारे यंत्र बाहेरून मागवता आले असते, पण सरांच्या अर्जावर कुणीतरी 'पुढील वर्षी' असा शेरा मारला होता. म्हणून माझा कान.

आणि सरांचा कान का नाही, तर सर बेसूर होते. साधे बेसूर नव्हेत, ठार. त्यांच्या घरात तीन पिढ्या गाणे, वडील तिरुवैयारूत मुलांना गाणे शिकवायचे, आणि यांना सा आणि प यांतला फरक कळायचा नाही. आमच्या भागात ही गोष्ट लोक दबक्या आवाजात सांगायचे, एखाद्या घरातल्या वेडाबद्दल सांगावी तशी. "बापानें मज सात वर्षें शिकवलें," सर स्वतःच सांगायचे. "आठव्या वर्षीं मणाले, जा बाबा, गणित कर." जानेवारीत नदीकाठी गाण्याचा उत्सव असला की सर पहिल्या रांगेत बसायचे, घराण्याचा मान म्हणून. आणि पसरलेल्या तळहाताकडे बघत मोजायचे. लोकांना वाटायचे, ताल धरलाय.

रोज संध्याकाळी मी तारा ऐकून झाल्या की ते विचारायचे, "काय गे, कशा आहेत?" मी सांगायची, अमुक ढिली, तमुक घट्ट. ते मान हलवायचे. "मज असक्या सारख्याच ऐकूं येतात. तुज सारख्या ऐकूं आल्या की सांग. काम झालें."

प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजातली, राजवाड्याच्या मागच्या अंगाची, बंद पडलेली मुलींची विश्रांतीची खोली. सरांनी तिला आतून प्लास्टिक लावले, खिडक्या चिकटपट्टीने बंद केल्या आणि दारावर तमिळमध्ये पाटी रंगवून घेतली. तेलाचे डोके, फुले, पावडर, कुंकू, विभूती, कापूर, उदबत्ती यांना आत मज्जाव. तारेवर तेलाचा वास जरी बसला तरी ती खराब होते, असे त्यांचे म्हणणे, आणि ते खरे होते. पण तंजावूरच्या माणसातून तेल, फूल आणि विभूती वजा केली तर उरते काय? प्राचार्य एकदा कपाळावर तीन ठसठशीत पट्टे घेऊन आले तर सरांनी त्यांना उंबऱ्यावरूनच पेटी दाखवली. कॉलेजातल्या बायका मला विचारायच्या, "घरात कुणी गेले काय गे?" कारण मोकळे कोरडे केस, ना फूल ना कुंकू. आई तर रोज सकाळी मला दारातून जाताना बघून तोंड फिरवायची.

खरी तार परदेशातून आलेल्या एका रिळावर होती आणि रीळ सरांच्या कपाटात, कुलपात. नव्या माणसाने तिला हात लावायचा नाही. आधी केसावर सराव. सरांच्या बायकोचे, आम्ही त्यांना मामी म्हणायचो, केस गुडघ्यापर्यंत होते. फणीत आलेले केस मामी कागदात गुंडाळून सरांच्या डब्याबरोबर पाठवायच्या. वर डबा, खाली केस. ते शिकेकाईने धुतलेले, कोरडे, लांब केस चौकटीवर ताणायचे, पन्नास ग्रॅमचे वजन टांगायचे, चिकटवायचे. वीस केस ओळीने, एकही न तुटता, तरच तार मिळेल.

"केस मणजे दोरखंड," सर म्हणायचे. "तार त्याच्या तिसऱ्या हिश्शाची."

मला महिना लागला. एकोणिसाव्याला तुटायचा. एकदा एकोणिसावा तुटल्यावर मी रडले, तर सर म्हणाले, "उगे बस. कॉफी पी. मामीचे केस अजून पुष्कळ आहेत." मामींनी हे ऐकले तेव्हा दोन दिवस डबा पाठवला नाही.

आता ज्यावर सगळे टांगलेले होते ते सांगते. परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगात आपला देश सहभागी होणार होता आणि त्यासाठी अशा चाळीस पेट्या हव्या होत्या. पूर्वी असते तर त्या देशात कुठेतरी कशाबशा बनवाव्याच लागल्या असत्या. आता दरवाजे उघडले होते. समितीतले लोक म्हणाले, परदेशी कंपनीकडे तयार मिळतात, मागवून टाकू. तंजावुरातल्या विश्रांतीच्या खोलीत कशाला बनवायच्या? सर दोन दिवस रेल्वेने प्रवास करून समितीपुढे गेले आणि एकच मागून आले: एक पेटी बनवून दाखवतो, आठ महिन्यांत. तुम्ही येऊन तपासा. जमली तर चाळीसही तंजावूरच्या. नाही जमली तर खोली बंद. खोली बंद म्हणजे मी घरी, गोविंदसामी कॉलेजची घंटा वाजवायला, आणि सर पुन्हा बी.एस्सी.च्या पोरांना भिंग आणि आरसे शिकवायला. त्यांनी वीस वर्षे ज्या कामाचा ध्यास घेतला ते काम दुसरे कुणीतरी खोक्यात घालून पाठवून देणार. त्या प्रवासाहून आल्यावर आठवडाभर त्यांनी हात पसरला नाही. मी तेव्हा पहिल्यांदा घाबरले.

सप्टेंबर संपता संपता एकशे अठ्ठावीस तारा झाल्या. मी तीनदा ऐकल्या. झाकण बसवायचे राहिले, कारण त्याची रबरी पट्टी यायची होती. तेवढ्यात नवरात्र आले.

तुमच्याकडची खंडेनवमी, ती आमच्याकडची आयुधपूजा. त्या दिवशी ज्याचे पोट ज्यावर, त्याची पूजा. बसला केळीचे खांब, शिलाई यंत्राला गंध, न्हाव्याच्या कातरीला फूल, सायकलीच्या हँडलला कुंकू. कॉलेजात प्रत्येक प्रयोगशाळेत पूजा व्हायची, चणे आणि चुरमुरे मिळायचे. सरांनी स्वच्छ सांगितले, "एथें पूजा होणा. कुंकू लांबच ठेवा." खोलीला कुलूप लागले. किल्ल्या तिघांकडे: सर, मी, गोविंदसामी.

पूजेच्या सकाळी आईने भावाच्या मोपेडला गंध लावले, अप्पांच्या पेनाला लावले, माझ्या वीणेला लावले, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझ्या त्या पेटीला कोण लावेल? तिच्यावरच खातीस ना?" मी शास्त्र शिकलेली मुलगी. मी सांगितले, तिथे चालत नाही. आईने कुंकवाची वाटी उचलून देवापुढे ठेवली. रागावली असती तर बरे झाले असते.

दुपारी मी तंजावूरच्या बसमध्ये बसले. खोली उघडली, हात धुतले, श्वास रोखून पेटीजवळ गेले आणि चौकटीच्या बाहेरच्या कोपऱ्याला, खालच्या बाजूने, टाचणीच्या डोक्याएवढे कुंकू लावले. बाहेरच्या बाजूने लावले होते, आत काय जाणार? घरी येताना मला फार हलके वाटले, आणि थोडे चोरट्यासारखेही.

दसऱ्यानंतर रबरी पट्टी आली, झाकण बसले, वायू भरला. सर वीज हळूहळू वाढवत गेले. पाऊण वाटेवर 'टिक' असा आवाज आला. पुन्हा वाढवली, पुन्हा टिक. त्र्याहत्तर नंबरची तार. दोन दिवस हेच. हव्या त्या दाबापर्यंत पेटी जाईचना. समिती यायला नऊ दिवस राहिले होते.

तिसऱ्या दिवशी सरांनी झाकणाचे स्क्रू काढले. दिवा तिरपा धरून, भिंग डोळ्याला लावून ते बराच वेळ त्र्याहत्तरवर वाकून राहिले. मी आणि गोविंदसामी दाराशी उभे.

"लाल आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "कुंकू."

आठ महिने, मामींचे केस, समिती, चाळीस पेट्या, सगळे माझ्या टाचणीएवढ्या भक्तीने बुडवले होते. क्षणभर गप्प राहावे असे वाटले, हे कबूल करते. पण गप्प राहण्याएवढे धैर्य माझ्यात नव्हते.

"सर, मी लावलें," मी म्हणाले. "चौकटीच्या कोपऱ्याला. बाहेरून."

सर वळायच्या आत गोविंदसामी तमिळमध्ये म्हणाला, "अय्या, पोरीला बोलू नका. मी लावले. संध्याकाळी येऊन टेबलाच्या चारी पायांना आणि झाकणाला एक. खाचराला पूजा नाही, असे कुठे असते?"

सरांनी भिंग टेबलावर ठेवले. वेष्टीच्या टोकाने चष्मा पुसला. दोनदा पुसला.

"मीही लावलों," ते म्हणाले.

आम्ही दोघांनी एकदमच दारावरच्या पाटीकडे बघितले.

"दसऱ्याच्या पहांटे," सर पाटीकडे बोट दाखवत म्हणाले, जणू पाटीलाच जाब देत होते. "मामी मणाली, घरांतल्या विळीलाही कुंकू लावतात. त्या पेटीनें काय पाप केलें? मी आलों. वायूच्या नळीला लावलों. जरासें."

मला हसू फुटले. आवरेचना. गोविंदसामी हसला आणि शेवटी सरही हसले, खोकल्यासारखे, खांदे हलवत. नऊ दिवसांनी बुडणार होतो आणि तिघे त्या प्लास्टिकच्या खोलीत पोट धरून हसत होतो. आतले कुंकू तिघांपैकी कुणाचे, ते शेवटपर्यंत कळले नाही.

हसणे थांबल्यावर सरांनी नोंदवही उघडली. मी म्हणाले, "सर, धूळ मणून लिहा. समिती वही बघेल."

"होणा. धूळ लिहिलों तर उद्यां दुसरा कोणी धूळ शोधत बसेल." आणि त्यांनी ठळक अक्षरांत लिहिले: तार त्र्याहत्तर, बिघाडाचे कारण कुंकू, स्रोत प्रयोगशाळेतील तिघे.

त्र्याहत्तर आणि तिच्या दोन्ही अंगांच्या मिळून सात तारा काढाव्या लागल्या. पेटी पुसली, नव्या तारा ओढल्या, कथलाचे डाग देऊन जोडल्या. ते जमले. पण त्या ऐकायला बसले आणि मला काही ऐकूच येईना. म्हणजे आवाज यायचा, पण बरोबर की चूक ते कळेना. एकदा वाटे घट्ट, एकदा वाटे ढिली. कान भीतीने भरले होते. मी फुगा खाली ठेवला आणि म्हणाले, माझा भरवसा धरू नका, मद्रासहून कुणाचे तरी यंत्र उसने आणा.

सर स्टूल ओढून समोर बसले. "मी तुझा भरवसा धरत नाहीं," ते म्हणाले. "तुझ्या तोंडाचा धरतों."

"मणजे?"

"तार बेस असली की तुझी मान हालते. ढिली असली की डावी भुवई. घट्ट असली की ओंठ. तू सांगायच्या आधीं मज कळतें. आठ महिने मी तुझी भुवई बघूनच काम करूं लागलों आहें. फुंक. मी बघतों."

मी फुंकर घातली. ते बघत होते, इतक्या एकाग्रतेने की मला लाज वाटली आणि भीती विसरायला झाली. तिसऱ्या तारेला ते म्हणाले, "भुवई." खरेच ढिली होती. सातही तारा त्या दुपारी लागल्या. आपल्याकडे कुणी इतके नीट बघितले आहे, हे त्याआधी मला माहीत नव्हते. मला त्या माणसाबद्दल त्या दिवशी जे वाटले ते सख्ख्या काकांबद्दलही कधी वाटले नाही.

समितीतले तिघे आले. वीज पूर्ण दाबापर्यंत गेली, टिक नाही. पेटीने आकाशातल्या कणांच्या वाटा दाखवल्या. मग झाकण काढून ताणाची तपासणी. त्यांच्यातल्या तरुण अधिकाऱ्याकडे ते सूर मोजणारे परदेशी यंत्र होते, आकडे लाल दिव्यांत उमटायचे. सरांनी हट्टाने आमचा रेडिओचा कर्णाही जोडून ठेवला होता. एकेक तार, एकेक आकडा. चाळीस नंबरला अधिकारी थांबला.

"ही ढिली आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "बरीच."

नियमाप्रमाणे एक तार नापास म्हणजे पेटी नापास. सरांनी यंत्राकडे बघितलेच नाही. फुगा धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितले.

"तार ठीक आहे," ते शांतपणे म्हणाले. "तुमचें यंत्र बघा."

"सर, हे अगदी नवे यंत्र आहे."

"असेल. तार ठीक आहे."

समितीचे प्रमुख, पिकल्या केसांचे, म्हणाले, "तुम्ही कशावरून म्हणता? तुम्हांला तर गाणे कळत नाही असे ऐकले."

"मज नाहीं कळत," सर म्हणाले. "तिची मान हालली."

कपाळावर आठ्या घालून अधिकाऱ्याने यंत्राची चिमटी काढली, पुसली, पुन्हा लावली. मी फुंकर घातली. लाल आकडा बदलला आणि बाकीच्यांच्या रांगेत येऊन बसला. चिमटी सैल बसली होती, बाकी काही नाही. पुढच्या अठ्ठ्याऐंशी तारांना अधिकारी आधी माझ्याकडे बघायचा, मग यंत्राकडे. जाण्यापूर्वी प्रमुखांनी नोंदवही चाळली, कुंकवाच्या पानावर थांबले, दोनदा वाचले आणि वही मिटली. पण कॉफी पिताना ते गोविंदसामीला म्हणाले, तुमचा हात बघू, आणि त्याच्या हाताला गंधाचा वास येतो का ते वाकून बघितले.

महिन्याने पत्र आले. चाळीस पेट्या तंजावूरच्या. सरांनी पत्र वाचले, खिशात ठेवले, बाहेर व्हरांड्यात जाऊन हात पसरला आणि बराच वेळ मोजत उभे राहिले. मामींनी त्या दिवशी डब्यात साखरभात पाठवला, आणि खाली नेहमीप्रमाणे केसांची पुडी.

पुढची चार वर्षे मी तिथे होते. त्यांतले बहुतेक दिवस तारांसारखेच होते, एकमेकांना समांतर, आणि मला आठवतात ते सुखाचे म्हणूनच. पण एक दिवस सांगून थांबते.

पुढच्या वर्षीची आयुधपूजा. पाटीखाली सरांनी नवी ओळ रंगवून घेतली होती: पूजा करायची तर असक्यांनी मिळून, एकदाच, दाराला, बाहेरून. आत बाराव्या पेटीचे काम चालू होते, दार घट्ट बंद. मामी गंधाची वाटी, कुंकू, चणे घेऊन आल्या होत्या. सरांनी दाराच्या चौकटीला गंध लावले, कुंकू लावले, मग मोडीत काढून बाहेर आणलेल्या सामानाला: केस ताणायच्या वजनाला लावले, फुग्याला लावले, जुन्या कर्ण्याला लावले. गोविंदसामीने नारळ फोडला. मी चुरमुऱ्यांकडे हात नेला.

"थांब," सर म्हणाले. "एक राहिलें."

मी इकडेतिकडे बघितले. सगळ्यांना लावून झाले होते.

सरांनी वाटी मामींच्या हातात दिली आणि माझ्याकडे बोट केले. चेहरा अगदी गंभीर, परीक्षेच्या प्रश्नपत्रिका वाटताना असतो तसा. "तिच्या कानाला लाव," ते म्हणाले. "दोन्ही. मुख्य आयुध तेंच. आणि आज त्याला काम होणा, आज त्याला सुट्टी."

मामींनी माझे कोरडे केस मागे सारले आणि दोन्ही कानांच्या पाळ्यांना गंध लावून वर कुंकू टेकवले. सरांनी कानांकडे बघून, जसे कर्ण्याला केले होते तसेच, हात जोडले. मी खाली वाकले आणि त्यांच्या पायांना हात लावला.

संध्याकाळी त्याच कानांनी मी तिरुवैयारूच्या बसमध्ये बसले. शेजारच्या बाईने दोनदा बघितले आणि न राहवून विचारले, कानाला काय झाले गे? मी सांगितले, आज पूजा होती.

घरी आईने दार उघडले. माझे केस मोकळे होते, कपाळ कोरडे होते, तरी त्या दिवशी तिने तोंड फिरवले नाही.